काटा, वारा, ढग, बोंबील

एडवणच्या शाळेवर माझी बदली झाली तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. परभणीकडचा माणूस मी. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत डोकावून बघायची गोष्ट. सफाळ्याला गाडीतून उतरलो, एसटीत बसलो, आणि झाडी संपून समोर एकदम ते पसरलेलं दिसलं तेव्हा शेजारच्या बाईला विचारून बसलो, "हे सगळं पाणीच आहे का?" ती मांडीवरच्या टोपलीवर हात ठेवून हसली आणि पुढच्या दोन थांब्यांपर्यंत हसतच राहिली. ती येसूबाई. तिची-माझी ओळख ही अशी झाली, आणि तो प्रश्न तिने मला पुढे कधी विसरू दिला नाही.

मी तेव्हा तिसरी-चौथीला भूगोल शिकवत असे. पुस्तकात वायुभारमापकाचं एक चित्र होतं. सहा वर्षं मी ते चित्र शिकवलं होतं, वस्तू कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. माझा गाववाला आनंदा तेव्हा तारापूरला कामाला होता. तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, आणि आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या कामावर आली होती. आनंदा सामानाच्या कोठारात मदतनीस. एका रविवारी तो धोतरात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. बोईसरच्या बाजारात भंगारवाल्याकडे त्याला पितळेचा एक गोल डबा सापडला होता. वर काच, आत आकडे आणि एक काटा. मी पाहताक्षणी ओळखलं. चित्रातली वस्तू हातात आली याचा मला इतका आनंद झाला, की मी आनंदाला चहा विचारायचा विसरलो.

तो डबा मी शाळेच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. गावात दुसऱ्या दिवशी बातमी झाली, मास्तरांनी बंद पडलेलं घड्याळ आणलंय.

आनंदाच्या बांधकामावर साहेबांच्या कचेरीत याहून मोठा वायुभारमापक होता. आनंदा येता-जाता खिडकीतून त्याच्याकडे बघायचा आणि मला रोज एक कार्ड टाकायचा. "काटा २९.९. वारा उत्तरेचा. ढग नाहीत. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे." कार्ड पोचायला दोन दिवस लागायचे. म्हणजे तारापूरचं परवाचं हवामान मला आज कळायचं. तरी आम्ही दोघं एखादी वेधशाळा चालवत असल्याच्या थाटात होतो. मी एक जाड वही घातली, रूळ धरून रकाने आखले: तारीख, वेळ, काटा, वारा, ढग, शेरा.

'बोंबील' हा रकाना नंतर वाढला. तो येसूबाईचा.

शाळेच्या ओट्यासमोरच तिच्या वलांड्या होत्या, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूच्या आडव्या काठ्या. बोंबलांचे जबडे एकात एक अडकवून ती आणि तिची सून पुष्पलता दिवसभर ते टांगत असत. ओला बोंबील वाळायला तीन दिवस लागतात, आणि त्या तीन दिवसांत हवा फिरली तर सगळा माल खतात घालायचा. त्यामुळे होडीवरचा पुरुष बघत नसेल इतक्या बारकाईने ती आभाळाकडे बघे. घराच्या दारावर एक वाळका बोंबील कायम टांगलेला. सकाळी उठली की ती त्याचं टोक मोडून बघे. कट्‌ करून मोडला तर हवा कोरडी. वाकला तर हवेत पाणी भरलं.

"तुमचा काटा काय बोलतं?" ती सकाळी ओट्यावर येऊन विचारायची.

"एकोणतीस पूर्णांक नव्वद."

"माजा मोडला. लिवा."

मी चेष्टेने लिहायला लागलो, आणि महिनाभराने मागची पानं चाळली तर चेष्टा राहिली नव्हती. काटा उतरला त्या दिवशी बोंबील वाकलेला. दहापैकी आठ वेळा जुळत होतं. मी आनंदाला कळवलं, त्याने उलट कार्डावर विचारलं, "रकाना बोंबील म्हणजे काय? सविस्तर कळवावे."

येसूबाईला या सगळ्याची गोडी का होती, ते तिने एकदाच सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या तुफानात तिचा नवरा होडीसकट गेला. धाकटा जानू तेव्हा अंगावर पीत होता. "सकाली आभाल साफ व्हता," ती म्हणाली. "सांगनारा कुनी नव्हता, मास्तर." एवढं बोलून ती बोंबील टांगायला निघून गेली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या गावात सांगणारा आता आहे.

खरं सांगायचं तर मी तुफानाची वाट बघत होतो. दोन वर्षं रोज तीनदा काटा बघायचा आणि तो आपला जागच्या जागी. परीक्षेचा अभ्यास करून बसलेल्या विद्यार्थ्यासारखी माझी गत झाली होती.

सहासष्ट साली दिवाळीनंतर काटा उतरायला लागला. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आधी थोडा, मग सकाळी बघावं तर आणखी थोडा. ग्रामपंचायतीचा रेडिओ शाळेतच असे. त्यावर अरबी समुद्रात खोल कुठेतरी कमी दाब तयार झाल्याचं सांगितलं, पण तो कुठे जाईल ते सांगितलं नाही. आनंदाने कार्डाची वाट न पाहता गाडीच्या गार्डबरोबर सफाळ्याला आणि तिथून कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली: "इथला काटापण पडतोय." येसूबाई आली ती वाकलेला बोंबील दोन बोटांत धरून. वारा आग्नेयेचा झाला होता. सगळे रकाने एक बोलत होते. मला आनंद झाला. ही गोष्ट मी पुढे कुणाला सांगितली नाही, पण झाला होता.

पौर्णिमेच्या दुपारी बाराला खाडी तुडुंब भरली. रात्रीच्या भरतीला गेलेल्या होड्या मासळी घेऊन आत आल्या. चौदाच्या चौदा होड्या आल्याचं मी ओट्यावरून मोजलं आणि मनात म्हटलं, सगळे घरी आले, आता सांगायला हरकत नाही. मी शाळेची घंटा बडवली. माणसं धावत आली. मी बाकावर उभा राहिलो आणि भाषणच ठोकलं. संध्याकाळपर्यंत तुफान येईल, कुणीही समुद्रावर जायचं नाही.

येसूबाई माझ्या शेजारी उभी होती. "बोंबीलपन वाकला हाय," ती ओरडली. "मास्तर खरा बोलतं."

माणसं धावली, पण घराकडे नाही. होड्यांकडे. मला वाटलं, होड्या वर ओढून बांधायला गेली असतील. बघतो तर शिडं चढत होती. मी धोतर सावरत धक्क्याकडे पळालो आणि गोमा तांडेलाचा हात धरला. गोमा म्हणजे बंदरावरचा सगळ्यांत जुना तांडेल, होडीचा म्होरक्या. तो होडीवर चढला की बाकीचे चढत.

"अहो, तुफान येतंय म्हणून सांगितलं ना! जाताय कुठे?"

"मंग जाली कोन आननार?" हात सोडवून घेत तो म्हणाला. "जाली कवीवर हाय ना!"

तेव्हा मला कळलं. तिथे दोन वर्षं राहून तेव्हा कळलं. आठ-दहा मैल आत, खोल पाण्यात गावाचे खांब रोवलेले असतात. त्याला कव म्हणतात. उधाणाच्या दिवसांत डोल, म्हणजे पिशवीसारखी मोठी जाळी, त्या खांबांना बांधून ठेवतात, होडी फक्त मासळी काढून आणायला जाते. एक डोल विणायला अख्खं घर पावसाळाभर बसतं. झाडाच्या सालीच्या पाण्यात ती उकळून रंगवतात, एखाद्या लेकराला न्हाऊ घालावं तशी. ती गेली तर घर गेलं. तेव्हा तुफान येतंय हे ऐकल्यावर या गावचा माणूस घरात शिरत नाही. तो आधी समुद्रावर जातो.

आणि मी, खळ्यावर वाढलेला माणूस. सुगीत ज्वारीची रास खळ्यावर पडलेली असताना आभाळ भरून आलं की आमच्या गावात कोण घरात बसायचं? म्हातारी माणसंसुद्धा घोंगड्या घेऊन रानाकडे पळायची. वीज कडाडत असली तरी पळायची. माझी आई पळायची. हे मला ठाऊक होतं, आणि घंटा वाजवताना आठवलं नाही.

पहिल्या होडीत रामा होता, येसूबाईचा थोरला, पुष्पलताचा नवरा. नांगर ओढून घेताना त्याने माझ्याकडे बघून हात केला. "मास्तर, आलोच!"

तुफान आलं नाही. ते आमच्यापासून कितीतरी लांबून वर उत्तरेकडे निघून गेलं आणि समुद्रातच विरलं, असं दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं. आली ती फक्त लाट. वारा नाही, पाऊस नाही, आणि दुरून एकामागून एक लांबलचक लाटा येत राहिल्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. भरती अर्धी चढेपर्यंत त्यावरून कुणी होडी आणत नाही. पण मी सांगितलं होतं ना, संध्याकाळपर्यंत येईल. म्हणून पाण्याची वाट न बघता होड्या दिवस मावळताना आत शिरल्या. ओल्या जाळ्यांनी त्या काठोकाठ भरलेल्या. तेरा आल्या. रामाची वाळूला टेकली, मागून लाट आली आणि ती आडवी झाली. चौघं पोहून आले. रामाचा पाय जाळ्यात अडकला होता. त्याला बाहेर काढला तेव्हा पश्चिमेला आभाळ लाल होतं आणि त्यात बोटभर ढग नव्हता.

मला कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पुष्पलता वलांडीवर काम करताना शाळेकडे पाठ करून बसू लागली. येसूबाई सव्वा महिना ओट्यावर आली नाही. मी वायुभारमापक काढून पेटीत टाकला. आनंदा धावत आला, रात्रभर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "नाग्या, तू वाईट केलं नाहीस." मी त्याला सांगितलं, वाईट करायला अक्कल लागते, मी अक्कल न वापरता माणूस मारला.

सव्वा महिन्यानंतर एका सकाळी येसूबाई ओट्यावर उभी. हातात बोंबील.

"काटा कुठं हाय?"

"काढून ठेवला."

"लावा." तिने बोंबील मोडला. "मोडला. लिवा."

मी लिहिलं. का लिहायचं, हे तिनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांचीही चूक होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं; दुसऱ्या कुणाजवळ बसून ती चूक हलकी झाली नसती. मात्र त्या वर्षी मी आणखी एक रकाना वाढवला. भरती-ओहोटी. तिथी मोजून पाणी केव्हा चढतं, केव्हा उतरतं, होड्या कधी तरंगतात, कधी चिखलात बसतात. गावातल्या पाच वर्षांच्या पोरालाही जे येत होतं ते मी चाळिशीला आल्यावर शिकलो.

पुढच्या वर्षी कार्तिकातच पुन्हा काटा उतरला.

पौर्णिमा होती. सकाळी सातला २९.७८. दहाच्या सुट्टीत २९.६९. मागच्या खेपेला तो इतका खाली कधी गेला नव्हता. साडेदहाच्या एसटीने आनंदाची चिठ्ठी आली: "काटा सारखा पडतोय. इथे क्रेन उतरवून ठेवल्या. लोकांना लगेच सांग." आभाळ नुसतं पांढुरकं झालं होतं. वारा आग्नेयेचा, थांबून थांबून येणारा.

बाराला पाणी भरलं आणि होड्या आत आल्या. मी मोजल्या. तेरा. जानू गोमा तांडेलाच्या होडीवर असे. तो उतरताना दिसला. जाळी कवीवर होती. होड्या धक्क्याशी तरंगत होत्या.

येसूबाई ओट्यावर येऊन बसली. बोंबील तिने बोटाला गुंडाळला होता, चिंधी गुंडाळावी तसा. तिने तो मला दाखवला नाही आणि मी काटा सांगितला नाही. दोघंही खाडीकडे बघत बसलो. आत पोरं पाढे म्हणत होती.

हिशोब सरळ होता. आता घंटा वाजवली तर तेराही होड्या उलट पावली बाहेर पडणार. जायला तीन तास, जाळी सोडवायला दीड-दोन तास, यायला वाऱ्यावर असेल तेवढा वेळ. त्याआधी वारा आला तर? नाही आला तर? मला ठाऊक नव्हतं. काटा पडतोय एवढंच तो काटा सांगतो, केव्हा आणि किती ते सांगत नाही. नाही वाजवली तर तीननंतर पाणी उतरणार, होड्या चिखलात बसणार, आणि रात्री नऊपर्यंत कुणाची इच्छा असली तरी त्या हलणार नाहीत.

एक वाजता गोमा तांडेल ओट्यापाशी आला. रामा गेल्यानंतर कित्येक महिने कुणी मला हवा विचारत नव्हतं. पहिल्यांदा पुन्हा विचारलं ते गोमाने, गुढीपाडव्याच्या सुमाराला, आणि त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो होतो.

"मास्तर, हवा कशी भारी वाटते," तो म्हणाला. "काटा काय बोलतं?"

मागे भिंतीवर काटा होता. त्याने वळून बघितलं असतं तरी त्याला वाचता येणार नव्हतं. म्हणूनच तो मला विचारत होता.

"नेहमीसारखाच," मी म्हणालो.

त्याने येसूबाईकडे बघितलं. "आनि तुजा बोंबील?"

येसूबाईने हात पदराखाली घेतला. "मोडला," ती म्हणाली.

गोमा जेवायला गेला. मी आजवर जे काही खोटं बोललो असेन, त्यात एवढं सोपं आणि एवढं जड दुसरं कुठलं नाही. येसूबाईचा श्वास मला ऐकू येत होता. तिचंही जाळं कवीवर होतं. रामाच्या होडीबरोबर एक गेलं होतं. हे दुसरं तिने आणि पुष्पलताने पावसाळाभर बसून विणलेलं. मी दर अर्ध्या तासाने आत जाऊन काटा बघत होतो आणि वहीत वेळ घालून आकडा लिहीत होतो. बारा वाजता २९.६१. एक वाजता २९.५८. दोन वाजता २९.५२.

तीनला पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीखाली गेलं. साडेतीनला पहिली होडी कलली. मग एकेक करत सगळ्या चिखलावर टेकल्या.

"आता," येसूबाई म्हणाली.

मी घंटा वाजवली.

माणसं पुन्हा तशीच धावली, होड्यांकडेच. काठावर येऊन थांबली. गोमा गुडघाभर चिखलात उतरला, आपल्या होडीला दोन्ही हातांनी एकदा रेटा दिला आणि तसाच उभा राहिला. मग तो वळला आणि त्याने लांबून माझ्याकडे बघितलं. त्याने माणसांना हाका घातल्या, आणि सगळ्यांनी मिळून ओंडक्यांवरून होड्या जमेल तेवढ्या वर घेतल्या, दुहेरी दोरांनी माडांना बांधल्या. बायका-पोरं शाळेत आली, मागून पुरुषही आले.

दिवेलागणीला वारा आला. त्याचं वर्णन करायला मला जमणार नाही, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना नको आहे. शाळेची अर्धी कौलं गेली. पंचवीस-तीस माड पडले. चार होड्या फुटल्या. पहाटे तो थांबला तेव्हा मी दारात उभं राहून माणसं मोजली, तान्ह्या पोरांपासून सगळी. पुन्हा मोजली. सगळी होती.

तिसऱ्या दिवशी समुद्र बसल्यावर गोमा आणि जानू कवीवर जाऊन आले. खांबच राहिले नव्हते. तेरा घरांची जाळी गेली, येसूबाईचंही गेलं, एक दोरी हाती लागली नाही.

त्या संध्याकाळी धक्क्यावर सगळे जमले आणि मला बोलावणं आलं. गोमाने सांगितलं होतं, वही घेऊन या.

"मास्तर," तो म्हणाला, "काटा कवा परला?"

मी वही जानूच्या हातात दिली. चौथी शिकलेला तो. मला वही बदलता आली असती. दोन दिवस ती माझ्याजवळच होती. पण तोंडाने खोटं बोललो तरी वहीत मी कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि ते शेवटचं उरलेलं मला घालवायचं नव्हतं. जानूने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. सकाळी सात. दहा. बारा. एक. दोन.

"बाराला पानी व्हता," कुणीतरी म्हणालं.

"मी एकला इचारला तुमाला," गोमा म्हणाला. "तोंडावर इचारला."

मी तोंड उघडणार एवढ्यात येसूबाई पुढे आली. "मला इचार. माजा बोंबील सकालीच वाकला व्हता. मी मोडला बोलली. मास्तर परका मानूस हाय. मी तर तुज्याच दारातली ना? मी गप बसली. जानू ये, इकडं उभा ऱ्हा." तिने जानूला दंडाला धरून गोमासमोर उभा केला. "हा बग. हा हाय. जाल मी इनीन."

गोमा वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही.

"येसू, तुजा पोरगा गेला, तुजा दुखना मला कलतं. पन आमी तवा गेलो असतो तर तीन घंट्यांत पोचलो असतो. जाली घेऊन दिवस हाय तवर आलोबी असतो. नायतर मेलो असतो. कोनाला ठावं? ते आमी ठरवला असता." मग तो माझ्याकडे वळला. "जीव आमचा, जाली आमची. ठरवनारे तुमी कोन?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. आज केस पांढरे झाले, नोकरी संपून इतकी वर्षं झाली, आजही येत नाही. ते वाचले असं मी कधी म्हणालो नाही, कारण ते मेले असते की नाही हे मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की तेरा घरांनी ते वर्ष दुसऱ्या गावांच्या होड्यांवर राबून काढलं, आणि त्यांच्या पोरांना मी शाळेत तोंड दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी गोमा आणि जानू शाळेत आले आणि त्यांनी वायुभारमापक भिंतीवरून काढून घेतला. मी अडवलं नाही. धक्क्यावरच्या जाळ्यांच्या खोपीत त्यांनी तो खिळ्याला लावला, येता-जाता सगळ्यांना दिसेल असा. "वाचायला शिकवा," गोमा म्हणाला. "काटा आमी बगू." मी आठ दिवस रोज तिथे जाऊन शिकवलं. बंदरावरच्या माणसांइतके नीट शिकणारे विद्यार्थी मला पुन्हा मिळाले नाहीत. शेवटच्या दिवशी गोमाने आकडा बरोबर वाचला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तुमी नाय आलात तरी चालंल," आणि मी परत फिरलो.

शाळेच्या भिंतीवर नुसता खिळा राहिला. आनंदाला मी कळवलं, कार्डं बंद कर. त्याने केली नाहीत.

महिन्याभराने एका सकाळी येसूबाई ओट्यावर आली. बोटांना दोऱ्याचे चरे पडले होते; ती आणि पुष्पलता दिवस उजाडल्यापासून जाळं विणत असत. तिने बोंबील काढला आणि मोडला.

"मोडला. लिवा."

"काटा नाही आता, येसूबाई."

"बोंबील हाय ना."

मी वही उघडली. ती शेजारी टेकली. खाडीत पाणी चढत होतं आणि उरलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या.

"रामाच्या येलेला घंटा कवा वाजवली तुमी?" तिने विचारलं. वर्षभरात तिने माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"पाणी भरलं होतं तेव्हा."

"आनि जानूच्या येलेला?"

"पाणी गेल्यावर."

ती त्या होड्यांकडे बघत होती. "एवराच फरक," ती म्हणाली. "एवराच व्हता, मास्तर. आपल्याला कुनी आदी सांगितला नाय."

आपल्याला, असं ती म्हणाली. मला सामावून घेऊन म्हणाली. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. पण तिला पाण्याचं शिकवायची गरज नव्हती. ती जन्मापासून ते पाणी बघत होती. रामा गेला त्या दिवशी ती ओरडली ती माझ्या वहीवर आणि माझ्या शिकलेपणावर विश्वास टाकून. दोन वर्षांत मी तिला रोज बोंबील विचारला होता. तुफान येतंय हे कळलं की तुम्ही लोक काय करता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"सांगितलं असतं कुणीही," मी म्हणालो. "मी विचारलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. मग तिने बोट वहीवर ठेवलं, अगदी शेवटच्या रकान्यावर, जिथे मी शेरा लिहीत असे. अक्षर येत नव्हतं तिला, पण रिकामी जागा कळत होती.

"तेबी लिवा," ती म्हणाली.

त्या दिवशी माझ्याच्याने लिहवलं नाही. तो रकाना तसाच रिकामा आहे. ते आज इथे लिहिलं.